नागझिऱ्याच्या नकाशातला हिरवा रंग

नागझिऱ्याचे जंगल गेल्या पन्नास वर्षांत वाढले की घटले? प्रश्न साधा आहे. उपग्रह १९७२पासून आपल्या डोक्यावरून फिरत आहेत, तेव्हा उत्तरही सरळ मिळायला हवे. ते मिळत नाही. चित्रे कोणत्या वर्षाची आणि कोणत्या महिन्याची घेतली, त्यातला ठिपका केवढा होता, जंगल कशाला म्हटले आणि सीमा कुठे आखली, यांतले एक जरी बदलले तरी त्याच अभयारण्याचे उत्तर बदलते. गोंदिया जिल्ह्यापुरते बोलायचे तर आपण बहुतेक वेळा नको त्या जागी बघत आलो आहोत, असे माझे मत आहे. आपण अभयारण्याच्या सीमेच्या आत बघतो. डोळ्यांत तेल घालून बघायला हवा तो दोन जंगलांच्या मधला पट्टा आणि तलावांचे काठ. सीमेच्या आतही बदल होतोच. पण तो बहुधा असा, की चित्रातला रंग तसाच राहतो.

आधी सीमांचे बघू. नागझिरा अभयारण्य १९७० साली जाहीर झाले, १५२.८१ चौरस किलोमीटरचे. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५चे, १३३.८८ चौरस किलोमीटरचे. गोंदिया हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पुढे २०१२ साली नवीन नागझिरा आणि नवेगाव ही अभयारण्ये आली, २०१३ साली भंडाऱ्याकडचे कोका आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हे सगळे मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा गाभा साधारण ६५४ चौरस किलोमीटरचा. आता १९९० आणि २०२० या दोन सालांतल्या संरक्षित क्षेत्राची तुलना केली, तर आकडा दुपटीहून जास्त झालेला दिसतो. जमिनीवर मात्र त्यामुळे एक झाडही वाढलेले नाही; जे जंगल आधीपासून होते त्याला नवे नाव आणि नवा कायदा लागला. म्हणून अशा कुठल्याही अभ्यासात पहिली अट हीच, की सगळ्या सालांसाठी सीमा एकच धरावी. अट बाळबोध वाटते, पण ती पाळली आहे का हे आधी तपासावे आणि मगच टक्केवारी वाचावी.

दुसरी अडचण ठिपक्याची. उपग्रहचित्र ठिपक्यांचे बनलेले असते आणि एका ठिपक्याला एकच नाव मिळते. १९७२च्या पहिल्या लँडसॅटचा ठिपका साधारण ८० मीटरचा होता, म्हणजे आपल्या हिशेबाने दीड एकराहून मोठा. १९८४च्या लँडसॅट ५चा ठिपका ३० मीटरचा होता. हे झाले सुमारे नऊ गुंठे. भारताचा आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी सुटला आणि त्यानंतरच्या मालिकेतला लिस-३ कॅमेरा साडेतेवीस मीटरपर्यंत आला. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५पासून १० मीटरची चित्रे देतो आणि तीही फुकट. दहा मीटरचा चौरस म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. सातबारा वाचणाऱ्या माणसाला उपग्रहाची नजर आता त्याच्याच मापात समजू शकते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. मूळ नागझिरा अभयारण्य पहिल्या लँडसॅटच्या चित्रात सुमारे २४ हजार ठिपक्यांत मावत होते. लँडसॅट ५ला त्यासाठी १ लाख ७० हजार ठिपके लागत, आणि सेंटिनेलला १५ लाखांहून जास्त लागतात.

यातूनच एक चूक नेहमी घडते. जंगलाच्या पोटातली एखादी बोडी म्हणजे लहान तळे, तिच्याखालच्या धानाच्या चार बांध्या, धुऱ्यावरची मोहाची झाडे हे सगळे १९७२च्या चित्रात एकाच ठिपक्यात विरघळले आणि ठिपक्याला नाव मिळाले 'जंगल'. सेंटिनेलच्या चित्रात त्याच बांध्या स्वच्छ दिसतात. दोन नकाशे एकावर एक ठेवले की यंत्र सांगते, इथे जंगल तोडून नवी शेती झाली. शेती आजोबांच्या काळापासूनची. नवा आहे तो कॅमेरा. ज्याच्या बांध्या आहेत त्याच्यावर मात्र अतिक्रमणाचा शिक्का बसू शकतो. जुने आणि नवे चित्र ताडून बघायचे तर आधी नवे चित्र जुन्याइतके ढोबळ करून घ्यावे लागते. ते काम फार कठीण नाही, फक्त करायला हवे.

या कामाला लागणारी साधने आपल्याकडे आहेत. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८पासून काम करते आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २००५-०६पासून काही वर्षांच्या अंतराने देशभराचे भूवापर नकाशे केले. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा वनस्थिती अहवाल १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी निघतो. लँडसॅटचा सारा जुना साठा २००८ साली फुकट खुला झाला आणि त्यानंतर कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही अशा अभ्यासाची दारे उघडली. चित्रांची वानवा आज कुणालाच नाही.

वानवा आहे ती महिना निवडणाऱ्या शहाणपणाची.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून एनडीव्हीआय नावाचा अंक निघतो. तो एकाजवळ गेला की पालवी दाट, शून्याजवळ आला की जमीन उघडी. विषुववृत्तावरच्या सदाहरित जंगलाला हे माप बरे लागू पडते. आपले जंगल पानगळीचे आहे. त्यात साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू आहेत. मार्च-एप्रिलमध्ये सागाचे अख्खे रोपवन उघडेवाघडे उभे असते, कोसमाला तांबडी पालवी फुटते, मोहाखालची जमीन झाडून ठेवलेली असते. त्या वेळचे चित्र यंत्राला दिले तर ते सागवनाला माळरान म्हणून मोकळे होते. ऑक्टोबरचे चित्र घेतले तर उलटा घोटाळा होतो, कारण भारी धान अजून गर्द हिरवे असते आणि बांध्या जंगलात मिसळून जातात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे काही दिसतच नाही. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा त्यातल्या त्यात चांगला: हलके धान कापून झालेले, भारी पिवळे पडलेले आणि जंगलाची पाने अजून झाडावर. त्यातही पाऊस लांबलेल्या वर्षी पाने उशिरा गळतात, तेव्हा एका सालाचे एकच चित्र घेऊन भागत नाही. एका वर्षाचा नोव्हेंबर आणि दुसऱ्या वर्षाचा मार्च जोडून 'जंगल घटले' असा निष्कर्ष काढणे म्हणजे पानगळीलाच वृक्षतोड ठरवणे होय.

हे किती खरे आहे, ते तलावाच्या काठावर सर्वांत चांगले दिसते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या मामा तलावाच्या उथळ बाजूचा एक गुंठा घ्या. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी १९५०च्या कायद्याने गेली, तलाव उरले आणि सरकारकडे आले. ऑक्टोबरमध्ये त्या गुंठ्यावर कमरेइतके पाणी असते, त्यात पाणवनस्पती असतात आणि ढीवरांची जाळी पडतात. पाणी ओसरले की जानेवारीत चिखल उघडा पडतो. लगेच कुणीतरी तिथे गाळपेर करतो आणि फेब्रुवारीत हिरवे पीक डोलू लागते. एप्रिलमध्ये तिथे गुरे बसतात, मेमध्ये जमिनीला भेगा पडतात. जुलैत पुन्हा पाणी चढते. उपग्रह या एका गुंठ्याला वर्षभरात पाणी, दलदल, शेती, पडीक आणि ओसाड अशी पाच नावे देईल, आणि प्रत्येक नाव त्या-त्या दिवशी बरोबर असेल. गावाच्या लेखी मात्र तो बारा महिने तलावच आहे. त्यावर कुणी काय करायचे ते ठरलेले आहे आणि त्यातले पुष्कळसे निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामायिक हक्कांच्या नोंदीत, लिहिलेले आहे. जमिनीवर काय पसरले आहे ते चित्रातून कळते. जमीन कोण, कशासाठी आणि कुणाच्या हक्काने वापरतो ते कळण्यासाठी गावातच जावे लागते.

याची दुसरी बाजू रोवणीच्या दिवसांत दिसते. चिखलणी करून पाण्याने भरलेल्या बांध्या वरून तलावासारख्याच चमकतात. ढगांतून पाहू शकणारा रडार, म्हणजे २०१४पासूनचा सेंटिनेल-१, इथे कामाचा ठरतो. पाणी भरलेली बांधी रडारच्या चित्रात काळी दिसते आणि धान वाढेल तशी ती उजळत जाते. तलाव मात्र काळाच राहतो. धान कुठे आहे आणि पाणी कुठे आहे, हे पावसाळ्यातच ओळखायचा हा आज सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. भारत आणि अमेरिका यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या लांब तरंगलांबीच्या रडारला पानांच्या आतले खोड-फांद्यांचे वजनही जोखता येते. पानगळीच्या जंगलाचा अभ्यास करणाऱ्यांनी या उपग्रहाकडे विशेष लक्ष ठेवावे.

आता सीमेच्या आत येऊ. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या शेंड्यांची सावली १० टक्के वा त्याहून जास्त असली की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठले, हे बघितले जात नाही. सावली ७० टक्के वा अधिक असेल तर अतिदाट, ४० ते ७० मध्यम दाट, १० ते ४० विरळ. देशाचा एकूण अंदाज काढायला ही व्याख्या सोयीची आहे, पण एका अभयारण्याचे आरोग्य तिच्यावरून सांगणे मला मान्य नाही. वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले आणि विदर्भात अनेक ठिकाणी मिश्र जंगल साफ करून त्या जागी सागाचे रोपवन लावले गेले. तोडीनंतर दोन-चार वर्षे चित्रात डाग दिसतो. मग साग वर येतो, शेंडे जुळतात आणि डाग भरून निघतो. नकाशा म्हणतो जंगल परत आले. पण तेंदू, चार, बेहडा, मोह हे सगळे गेले आणि त्यांच्यावर जगणारी अस्वले, पाखरे आणि माणसेही तिथून उठली, याची नोंद कुठल्याच रंगात होत नाही.

रायमुनियाचे, म्हणजे घाणेरीचेही तसेच. जंगलाखाली ती माजली की उन्हाळ्यातही जमीन हिरवी दिसते आणि एनडीव्हीआय सुधारतो. चितळाला लागणारे गवत तिच्याखाली दबून मेलेले असते. अंक वर गेलेला बघून समाधान मानणाऱ्यांनी एकदा त्या झुडपात पाय घालून बघावा.

वणव्याची गोष्ट वेगळी आहे, आणि जिव्हारी लागणारी आहे. एप्रिल २०२१मध्ये नागझिऱ्यातली आग विझवताना तीन हंगामी वनमजूर मृत्युमुखी पडले. उष्णता टिपणारे उपग्रह आगीची खबर आता काही तासांत देतात. मोडिसचा ठिपका एक किलोमीटरचा होता, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा आहे. जळालेल्या जमिनीचा काळा डाग सेंटिनेलच्या चित्रात काही आठवडे ठळक दिसतो. पाऊस पडला की तो हिरव्याखाली जातो. म्हणजे भूवापरासाठी आपण ज्या नोव्हेंबरला उत्तम म्हटले, तोच नोव्हेंबर वणव्याची खूण पुसून टाकतो. दरवर्षी जळणारे आणि कधीच न जळणारे जंगल नोव्हेंबरात जवळजवळ सारखेच दिसते. पहिल्या जंगलात नवी रोपे उभीच राहत नाहीत आणि वीस-तीस वर्षांनी तिथे म्हातारी झाडे तेवढी उरतात. म्हणून एप्रिल-मेचा वणव्याचा नकाशा वेगळा करून नोव्हेंबरच्या नकाशाला जोडणे मी अत्यावश्यक मानतो.

गावे उठवली गेली तेव्हाचा बदल चित्रात छान दिसतो आणि म्हणूनच तो फसवा आहे. कवलेवाडा, काळीमाती, झंकारगोंदी या गावांचे पुनर्वसन सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूर येथे झाले. अशा सोडलेल्या गावांच्या बांध्यांवर गवत येते, चितळ-गवे उतरतात, आणि नकाशात शेतीचा पिवळा तुकडा हिरवा होतो. व्याघ्र प्रकल्पाला हवे तेच झालेले असते. पण ती माणसे जिथे गेली तिथली जमीन, तिथले सरपण, तिथली चराई हे सारे त्याच नकाशाच्या चौकटीबाहेर पडलेले असते. आत मिळवलेले मांडायचे आणि बाहेर गमावलेले मोजायचे नाही, हा हिशेब अर्धाच राहतो.

अचूकतेबद्दल थोडक्यात, पण ठासून. अशा नकाशांची अचूकता ८५ टक्के असली की ती चांगली मानायची पद्धत आहे. दोन सालांचे दोन नकाशे प्रत्येकी ८५ टक्के अचूक असतील आणि त्यांच्या चुका एकमेकींशी संबंधित नसतील, तर दोन्ही नकाशांत बरोबर असलेला ठिपका शंभरात ७२ वेळाच सापडेल. अशा जोडीवरून 'दाट जंगल दोन टक्क्यांनी घटले' असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. नागझिऱ्याच्या क्षेत्रफळाचे दोन टक्के म्हणजे तीन चौरस किलोमीटर. खरे असेल तर ती मोठी हानी आहे, आणि म्हणूनच ते खरे आहे का हे कळायला हवे. यासाठी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासलेल्या ठिकाणांची यादी आणि कुठल्या प्रकाराची कुठल्याशी गल्लत झाली याचा तक्ता छापलाच पाहिजे. साग आणि मिश्र वन, विरळ वन आणि झुडपी, गाळपेर आणि बांधी या तीन जोड्यांत आपल्याकडे बहुतांश गोंधळ होतो.

एवढे सगळे नीट केले तरी चौकट अभयारण्याचीच ठेवली तर मुख्य गोष्ट हातची जाते. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मध्ये मोकळा पट्टा आहे. त्यात जंगलाचे तुकडे आहेत, बांध्या, तलाव, गावे आहेत. साकोली-कोहमारा-देवरी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा ६ आणि आताचा ५३, या पट्ट्यातून जातो. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारा लोहमार्गही आहे. वाघाच्या दृष्टीने हा पट्टा म्हणजे रस्ता: उत्तरेला बालाघाटमार्गे कान्हा, पश्चिमेला पेंच, दक्षिणेला ब्रह्मपुरीमार्गे ताडोबा. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ २०१३ साली शेते, नद्या आणि रस्ते पार करत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला, तेव्हा हे सगळ्यांना कळले. उलट दिशेने, मे २०२३मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी माणसांनी आणून नागझिऱ्यात सोडल्या. जंगल भरपूर आणि वाघ थोडे अशी अवस्था इथे का आली, याचे उत्तर ६५४ चौरस किलोमीटरच्या आत सापडणार नाही.

मधल्या पट्ट्यात होणारा बदल क्षेत्रफळाने किरकोळ असतो आणि परिणामाने मोठा. चौपदरी रस्ता ३० मीटरच्या चित्रात एक-दोन ठिपक्यांची रेघ असतो. विजेच्या मनोऱ्यांखालची साफ केलेली पट्टी असते तेवढीच, आणि तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारखे प्रकल्प आले की अशा वाहिन्या येणारच. हेक्टरांत मोजले तर नुकसान नगण्य निघते. पण एका सलग जंगलाचे दोन झाले, तुकड्यांची संख्या वाढली, कडा वाढल्या, गाभा आक्रसला हे वेगळ्या मापांनी मोजावे लागते. ही मापे आहेत आणि विदर्भात वापरली गेली आहेत. हरिणी नागेंद्र, सजिद परीथ आणि रुचा घाटे यांनी २००६ साली ताडोबा-अंधारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जंगलाचे तुकडे होण्याचा संबंध आतल्या गावांशी किती आणि परिघावरच्या दाबाशी किती, हे उपग्रहचित्रांवरून तपासले होते. नवेगाव-नागझिऱ्याच्या मधल्या पट्ट्यावर अशा बारकाईचे काम दर दोन वर्षांनी व्हावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

आणि सारस. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच टिकून आहे, थोडे भंडारा आणि चंद्रपुरात. तो अभयारण्यात राहत नाही, धानाच्या बांधीत घरटे करतो आणि तलावाच्या काठी चरतो. नकाशात त्याचे घर 'शेती' या रंगाखाली येते आणि तो रंग बदलत नाही, म्हणून काही बिघडले आहे हे कुणाला दिसत नाही. बांधीत फवारणी वाढली, बोडी बुजली, तलावात बेशरम पसरली तरी शेती ती शेतीच आणि जलाशय तो जलाशयच. गोंदियाची 'सेवा' ही संस्था गावकऱ्यांना घेऊन सारसगणना करते, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांबरोबर तलावांत देशी पाणवनस्पती परत लावल्या. कुठल्या तलावात काय उगवते हे या लोकांना ठाऊक आहे. नकाशा करणाऱ्यांनी नमुने घेण्यासाठी आधी त्यांच्याकडे जावे.

कारण नकाशा शेवटी कचेरीत जातो आणि तिथे तो पुरावा होतो. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही कसण्याची अखेरची तारीख आहे, आणि त्या सुमारास जमीन कसत होते की नाही हे जुन्या चित्रावरून ठरवण्याचा मोह यंत्रणेला होतो. २०१२ साली सुधारलेल्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. नऊ गुंठ्यांचा ठिपका, धुऱ्यावरची झाडे आणि पानगळ यांचा हिशेब पाहिला तर नियम किती रास्त आहे ते पटते. झुडपी जंगलाचे कोडे याच्या उलट आहे. तिथे महसुली नोंद 'झुडपी' म्हणते, चित्रात कधी घरे दिसतात, कधी शाळा, कधी खरोखरच जंगल. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांचे, त्यात गोंदियाही, झुडपी जंगल वन म्हणूनच धरावे असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६पूर्वी इतर कामांसाठी दिलेल्या जमिनींबाबत पुढची वाटही आखून दिली. म्हणजे आता तुकडा-तुकडा तपासणे आले, १९९६पूर्वी तिथे काय होते हे शोधणे आले, आणि त्यासाठी जुन्या लँडसॅटची व आयआरएसची चित्रे बाहेर काढणे आले.

ही तपासणी नागपूर-गोंदियाच्या कचेऱ्यांत बसून उरकू नये. मधल्या पट्ट्यातल्या तुकड्यांची चित्रे, तारीख आणि ठिपक्याचे माप गुंठ्यांत लिहून, देवरी, सडक अर्जुनी, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या ग्रामसभांसमोर ठेवावीत. गाळपेर कुठली, बोडी कधीची, साग कुठल्या साली लावला, वणवा दरवर्षी कुठून शिरतो, हे तिथे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. १९७२चे पहिले चित्र घेतले गेले तेव्हा त्या बांध्यांत रोवणी करणारे आता सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम येत्या चार-पाच वर्षांतच करून घ्यावे लागेल.